बाळाचं झबलं ठेवू की सोडू?

शंका : माझा दीड वर्षाचा मुलगा गेल्या श्रावणात तापाने गेला. त्याचं एक झबलं आणि वाळे मी कपाटात ठेवलेत. सांजवात लावली की त्याच्याशी दोन शब्द बोलते. आमचे गुरुजी म्हणतात, आईच्या मायेने जीव घुटमळतो. वस्तू प्रवरासंगमावर सोडा, नारायणबळी करा. सासूबाईही घाबरल्यात. मी पोराच्या वाटेत आडवी येतेय का?
— एक आई, नेवासा

समाधान : नाही, ताई. झबलं राहू द्या, वाळेही राहू द्या.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला अग्नी नाही, श्राद्ध नाही, ही रूढी तुमच्या गुरुजींना ठाऊक असणारच. इतक्या लहान जिवाला कुणाच्या पिंडाची गरज नाही, असंच जुनी माणसं मानत आली. मग त्याच्यासाठी नारायणबळी निघाला कुठून? दक्षिणेच्या लोभातून, असं मी स्पष्ट लिहितो. पैसे गेले तर माणूस उसनवारी करून कसेबसे फेडतो. पण ‘तुझ्या मायेमुळे तुझं मूल अडकलं’ हे वाक्य आईच्या काळजात रुतलं, की कुठल्याही विधीने ते उपटून निघत नाही. सुतकाच्या घरात भीती विकणाऱ्याला मी धर्म सांगणारा मानत नाही, मग त्याचं पाठांतर कितीही शुद्ध असो.

या बाबतीत मी नामदेवांना मानतो. शोक करू नये, हे ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञानेश्वर माउलींनी तुमच्याच गावात, पैसाच्या खांबापाशी समजावलं. १२९० ची ती गोष्ट. पण पुढे १२९६ साली आळंदीला माउली समाधीस बसले, तेव्हा निवृत्तीनाथ किती व्याकुळ झाले ते नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत वाचा. निवृत्तीनाथ थोरले भाऊ, आणि माउलींचे गुरूही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नामदेवांनी लपवलं नाही, स्वतःचंही नाही. त्या अश्रूंनी माउलींची समाधी अडली, असं आजवर कुणी वारकरी म्हणाला नाही.

तुमच्या नेवाशातलंच प्रवरेकाठचं लाडमोड टेकाड तुम्ही पाहिलं असेल. १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे धागेसुद्धा शिल्लक होते. त्या आईबापांची श्रद्धा काय होती, कोण सांगणार? पण लेकरू त्यांनी घरातच ठेवलं, रोजच्या पायाखाली, चुलीच्या उबेत. तुम्ही तर फक्त एक झबलं ठेवलंत.

सांजवातीला बोलत राहा. सासूबाईंना शेजारी बसवा, झबलं त्यांच्याही हातात द्या. नातू त्यांचाही गेलाय. अन्न गोड लागत नसेल, रात्र रात्र डोळा लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका. नारायणबळीची तारीख ठरली असेल, तर ती उद्याच रद्द करा.