बॉनेटवरची राख

नव्या गाडीच्या रंगाला काय लावावं, हे बरेच दिवस मनात घोळतं आहे. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन, त्यामुळे ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ती अंगावर घेते. सिरॅमिक कोटिंगचा थर त्यापेक्षा कितीतरी पातळ. खडा त्याला अडवता येत नाही, पण पाणी आणि धूळ चिकटून राहत नाही. वॅक्स स्वस्त, मात्र नागपूरच्या 45 अंशांच्या मे महिन्यात ते लवकर उतरतं.

एवढं कळायला वेळ लागत नाही. रंग कशापासून वाचवायचा आहे, हे स्वतःला सांगताना मात्र मी अडखळतो. कोराडी रोडला राहतो. सकाळी बॉनेटवर हात फिरवला की बोटांना करडी राख लागते. कोरड्या फडक्यानं पुसली तर तिच्यातले सिलिकाचे कडक कण रंगावर ओरखडे काढतात. ती राख कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशाची, आणि माझ्या घरातला एसी चालतो तो तिथल्याच विजेवर. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेचा चिखल लोकांच्या शेतांत शिरला. त्या मातीवर कोणती फिल्म चढवणार? 29 मे 2023 ला कोराडीत 660 मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. माणसं भर उन्हाळ्यात आपलं म्हणणं मांडायला गेली. कोटिंगच्या वॉरंटीतली एकेक अट मी वाचून काढली आहे. तितक्या मनानं मी या राखेबद्दल काय वाचलं?

पूर्ण गाडीला फिल्म नको, असं मन आता स्पष्ट सांगतं. काही वर्षांनी ती पिवळी पडेल, सोलून काढावी लागेल, आणि ते प्लास्टिक बहुधा भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यात जाईल. सिरॅमिक पटतं, कारण गाडी कमी पाण्यात धुऊन होते, आणि उन्हाळ्यात पेंच धरणाचं पाणी किती जपून वापरावं लागतं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

राहता राहिले पहाटे गाडी पुसायला येणारे दादा. फडकं झटकताना उडणारी राख रोज त्यांच्या नाकातोंडात जाते. रंगाचा हिशेब मांडताना त्यांचा श्वास त्यात आधी धरायला हवा. यापुढे कोरडं पुसणं बंद; पाणी मारून राख बसवायची, मगच कापड लावायचं. फिल्मचे पैसे वाचतील, त्यातून त्यांच्यासाठी चांगले मास्क घ्यायचे. उरलेल्या रकमेचं अजून ठरलेलं नाही.