चाकांवरचे घर आणि दारातला शेजारी

घराला चाके लावली म्हणजे माणसाचे शेजारपण सुटते काय? हा प्रश्न आम्हांला आपणहून सुचला नसता. तो विचारला वसईच्या आमच्या थोरल्या वहिनींनी, आणि तोही अगदी साध्या शब्दांत. ‘‘तुम्ही दोघं हिवाळाभर वाळवंटात हिंडता, ते असू दे. पण तुमचा धर्मग्राम कोणता? उद्या काही बरंवाईट झालं, तर घंटा कुठल्या चर्चची वाजायची?’’ आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

चाळीस वर्षे आम्ही उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्यात नोकऱ्या केल्या. २०१२ साली निवृत्त झालो आणि तेथील गोठवणाऱ्या थंडीला कंटाळून एक जुनी मोटारहोम घेतली. तिच्यात निजायला पलंग, छोटी चूल आणि छपरावर सौर तावदाने आहेत. पोटात तीन टाक्या आहेत: एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक शौचाची. नोव्हेंबर उजाडला की आम्ही दक्षिणेची वाट धरतो आणि मार्चअखेर परततो. अशी हजारो वृद्ध जोडपी दर वर्षी ॲरिझोना व कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उतरतात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात.

ॲरिझोनातील क्वार्टझाइट हे त्यांचे मोठे ठाणे. एरवी जेमतेम अडीच हजार वस्तीचे हे गाव जानेवारीत जत्रेसारखे फुलून जाते. गावालगतच्या सरकारी जमिनीवर १९८३ सालापासून दीर्घ मुक्कामाची सोय आहे. ठरावीक शुल्क भरून मध्य सप्टेंबरपासून मध्य एप्रिलपर्यंत तेथे राहता येते. इतरत्र मोकळ्या सरकारी जमिनीवर बहुधा चौदा दिवस राहू देतात. मग चाके हलवावीच लागतात.

या जीवनाने आम्हांला पुष्कळ शिकवले, हे आधी कृतज्ञतेने सांगायला हवे. आमच्या टाकीत सुमारे दीडशे लिटर पाणी मावते आणि ते दोघांना आठ-दहा दिवस पुरवायचे असते. तांब्याभर पाण्यात तोंड धुता येते, हे वसईतल्या बालपणी ठाऊक होते. अमेरिकेतल्या चाळीस वर्षांत ते विसरलो होतो, वाळवंटाने पुन्हा शिकवले. चार शर्ट, दोन साड्या, सहा भांडी आणि एक जपमाळ एवढ्यावर संसार चालतो, हेही येथेच कळले. इस्राएली लोकांना अरण्यात मान्ना मिळाला तो एकेका दिवसापुरता. हावेने साठवलेला दुसऱ्या दिवशी नासून गेला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली ही कथा टाकीचा काटा पाहताना नव्याने उमगते. शिवाय, पित्याचे घर सोडून परमेश्वराच्या शब्दावर निघाला तेव्हा अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा होता. येथल्या सग्वारो निवडुंगालाही पहिली फांदी फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षे लागतात. म्हातारपणी माणसाने नवे काही आरंभू नये, असे कोणी म्हणू नये.

तरीही वहिनींच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात संन्याशांचे चार प्रकार सांगितले, आणि सर्वांत हीन ठरवले ते जन्मभर या मठातून त्या मठात पाहुणचार घेत हिंडणाऱ्यांना. त्यांच्या अनुयायांना म्हणूनच स्थैर्याचे व्रत घ्यावे लागते. यामागचा विचार खोल आहे. एका जागी राहणाऱ्याला नावडती माणसे टाळता येत नाहीत. बांधावरून भांडणारा भाऊबंद, गाण्याच्या तालमीत बेसूर गाणारा गृहस्थ, मिस्साबलिदानात शेजारी बसणारी अबोला धरलेली चुलती, या सर्वांसह तारणाची वाट चालावी लागते. आम्हा चाकांवरच्या माणसांचे तसे नसते. शेजाऱ्याचा जनित्रसंच रात्री घरघरू लागला, तर सकाळी किल्ली फिरवावी आणि दहा मैल पुढे जावे. आमच्या तळांवर माणुसकी नाही असे मुळीच नाही. चाक फसले तर चार जण धावून येतात, सांजवेळी शेकोटीभोवती खुर्च्या मांडल्या जातात. पण ही मैत्री बिनजोखमीची असते. ती जड होऊ लागली की उचलून ठेवता येते.

हे सर्व आम्ही बुद्धीने जाणत होतो. ते अंतःकरणाला डाचले २०१९ सालच्या फेब्रुवारीत.

त्या आठवड्यात आम्ही आहो नावाच्या गावाच्या दक्षिणेस मोकळ्या रानात उतरलो होतो. यजमानांना हाक मारावी तसे हे नाव, आम्हांला त्याची नेहमी गंमत वाटते. एके काळी तांब्याच्या खाणीवर जगणारे हे गाव १९८५ साली खाण बंद पडल्यावर शांत झाले. मेक्सिकोची सीमा तेथून सुमारे साठ किलोमीटर. रात्री दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. मग एका पुरुषाचा खोल गेलेला आवाज आला, ‘आग्वा’. स्पॅनिश आम्हांला येत नाही, पण त्या शब्दाचा अर्थ त्या प्रदेशात लहान मूलही जाणते. तो पाणी मागत होता.

आम्ही दिवा मालवला. एकमेकांकडे पाहिले आणि श्वास रोखून बसून राहिलो. आवाज आणखी दोनदा आला, नंतर आला नाही. सकाळी दार उघडले तेव्हा जवळपास कोणी नव्हते. पायरीखाली भांडी धुतलेले पाणी साठवण्यासाठी आम्ही बादली ठेवत असू. ती आदल्या संध्याकाळी निम्मी भरलेली होती. आता रिकामी होती, आणि नीट पालथी घालून ठेवलेली होती. आत आमच्या टाकीत शंभर लिटरांहून अधिक पाणी होते.

आम्ही भ्यालो, हे खरे. दोन वृद्ध जीव, काळोख, जवळपास वस्ती नाही. भय निराधार होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. परंतु मोटारहोमला खिडकी असते, आणि खिडकीतून बाटली देता येते. दार उघडावे की नाही हा प्रश्न अवघड असेल, खिडकीचा प्रश्न अवघड नव्हता. आम्हांला तो सुचलाच नाही, कारण आमच्या मनात पहिला विचार आला तो ‘पहाटे येथून निघू’ हा. सात वर्षांच्या भटकंतीने आम्हांला लावलेली सवय ती हीच.

या वाळवंटात माणसे का मरतात, हे आम्ही त्यानंतर समजून घेतले. १९९४ साली सॅन दिएगो परिसरात सीमेवरचा पहारा कडक झाला आणि इतर शहरांलगतच्या वाटाही बंद होत गेल्या. मग लोक निर्जन वाळवंटाकडे वळले. तेव्हापासून दक्षिण ॲरिझोनात हजारो देह सापडले आहेत, आणि त्यांतील कित्येकांची ओळखही पटलेली नाही. त्यांच्यासाठी घंटा कोणत्या चर्चची वाजली? क्वार्टझाइटच्या दफनभूमीत हादजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी आहे. अमेरिकन लष्कराने ओझी वाहण्यासाठी उंट आणवले, त्यांबरोबर तो १८५६ साली आला. लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून तो ‘हाय जॉली’ झाला. १९०२ साली तो वारला, आणि आज त्याच्या समाधीवर दगडी पिरॅमिड असून माथ्यावर उंट आहे. परका माणूसही या मातीत असा सन्मानाने निजू शकतो. पण सर्वांच्या वाट्याला ते येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तुसॉनजवळच्या सान हाविएर देल बाक या शुभ्र मिशन चर्चमध्ये गेलो. हाविएर म्हणजे आपले झेवियर. गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत आणि वसईच्या भूमीलाही ज्यांचे पाय लागले, तेच हे संत. आत त्यांची आडवी पहुडलेली मूर्ती आहे आणि भाविक रांगेने येऊन तिचे मस्तक हलकेच उचलतात. हे मिशन १६९२ साली येशूसंघीय धर्मगुरू एउसेबियो किनो यांनी स्थापिले. आजची वास्तू फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या काळात १७८३ ते १७९७ या वर्षांत उभी राहिली. फादर किनो १७११ साली वारेपर्यंत घोड्यावरून हे वाळवंट तुडवत राहिले, आणि जेथे गेले तेथे गहू व गुरे देऊन आले. झेवियर तर जपानपर्यंत गेले. हे दोघेही जन्मभर फिरले, पण त्यांना हिंडणारे असे कोणी म्हणत नाही.

त्या दिवशी प्रायश्चित्त संस्कार घेऊन आम्ही बराच वेळ बाकावर बसून होतो. तेव्हा दयाळू शोमरोनी माणसाची कथा आठवली. माझा शेजारी कोण, या प्रश्नावर प्रभूने सांगितलेली ही कथा, आणि तिच्यातला शेजारी त्या गावचा नाही! तो वाटसरू आहे. त्याच्याजवळ जनावर आहे, तेल आहे, द्राक्षारस आहे, खर्चाला पैसे आहेत. आमच्यासारखाच तो सर्व सामग्रीनिशी निघाला आहे. याजक आणि लेवीही त्याच वाटेने गेले. तिघेही प्रवासीच, फरक एवढाच की एक जण थांबला. संत बेनेडिक्ट यांना अभिप्रेत असलेले स्थैर्य मठाच्या भिंतींपुरते नसावे. दुसऱ्याची गरज समोर आली असता जागचे न हलणे, हेही ते स्थैर्यच असेल.

आणखी एक गोष्ट आम्हांला लाज आणते. आम्ही आपल्या साधेपणाचा मनातल्या मनात गर्व वाहत होतो. पण आमची तहान मोजलेली होती आणि नळ गावात होता. त्या माणसाने अल्पसंतुष्टता निवडली नव्हती. निवडलेल्या दारिद्र्याने लादलेल्या दारिद्र्याला ओळखले नाही, तर त्या वैराग्याचा उपयोग काय?

आता दक्षिणेकडे उतरलो की रात्री पायरीवर पाण्याचे दोन भरलेले कॅन ठेवतो आणि बाहेरचा दिवा चालू ठेवतो. एवढ्याने झाले गेले भरून येत नाही. पुन्हा तशी टकटक झाली, तर आम्ही दार उघडू असे छातीठोकपणे सांगवत नाही. मात्र दिवा मालवणार नाही.

वहिनींना आम्ही उत्तर कळवले. आमचा धर्मग्राम वसईत आहे, मिशिगनमध्ये आहे, आणि जेथे रात्री मुक्काम पडेल तेथेही आहे. तेथे आमच्या ओळखीचा एक माणूस आहे, ज्याचा चेहरा आम्ही पाहिला नाही. त्याच्यासाठी एक मिस्सा सांगा, असे आम्ही त्यांना विनवले. नावाच्या जागी काय लिहायचे, असे वहिनींनी विचारले. ‘आमचा शेजारी’ असे लिहायला आम्ही सांगितले.