गावपातळीवरचे कौशल्य आणि त्याची नोंद

कोकणात वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, गोपाळगड किल्ल्यालगत वसलेल्या अंजनवेलमध्ये सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढवणे हे कायद्याच्या दृष्टीने साधे काम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 व 150 नुसार वारसाने तीन महिन्यांत खबर द्यावी, तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफार नोंदवहीत (गाव नमुना 6) नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस बजावावी, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, एवढाच हा क्रम आहे. प्रत्यक्षात मात्र 1949 च्या कायद्याने खोती, म्हणजे खोतामार्फत महसूल वसूल करण्याची पद्धत, गेली तरी मागे उरलेला कुळांचा आणि हिश्शांचा गुंता, मुंबईत स्थिरावून शिमग्या-गणपतीलाच गावी येणारे सहहिस्सेदार, आणि दाभोळ वीज प्रकल्पासाठी झालेल्या भूसंपादनानंतर जमिनीला आलेले मोल यांमुळे हा क्रम कोकणात क्वचितच सरळ चालतो. कोणत्या बहिणीचे नाव वंशावळीतून गाळले गेले आहे आणि कोणती हरकत केवळ भाऊबंदकीतून आली आहे, हे ताडण्याची नजर कोणताही नमुना देत नाही.

या नजरेची प्रशिक्षणात दखल फारशी घेतली जात नाही. दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा या मुख्यतः नियमांचे ज्ञान तपासतात, तर ई-फेरफाराचे प्रशिक्षण संगणकप्रणालीची हाताळणी शिकवते. केंद्राने 2020 मध्ये सुरू केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ने नियमाऐवजी भूमिकेला, म्हणजे त्या पदावरील माणसाला प्रत्यक्षात काय करता आले पाहिजे याला, महत्त्व दिले हे योग्यच झाले, परंतु ऑनलाइन पाठ पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र म्हणजे ती क्षमता अंगी आल्याचा पुरावा नव्हे. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हाही सेवा मुदतीत मिळाली की नाही हे पाहतो आणि कसूर झाल्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड ठेवतो. वेळेत झालेली चुकीची नोंद त्याच्या मोजमापात बसत नाही.

कौशल्याला मान्यता कशी मिळते, याचे भक्कम उदाहरण महाराष्ट्रातच, पण आरोग्याच्या क्षेत्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळप्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ते काम आधी कृतीच्या पायऱ्यांत मांडले गेले, त्यावर सातत्याने देखरेख झाली आणि परिणाम मोजला गेला, म्हणूनच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत 2011 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज आशा स्वयंसेविका रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी देते, ती याच वाटेने.

मात्र पद्धतीला मान्यता मिळाली तेवढी ती राबवणाऱ्या स्त्रीला मिळाली नाही. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांना गौरवले. तरीही त्या ‘स्वयंसेविका’च राहिल्या आणि त्यांना वेतनश्रेणीऐवजी मानधन व कामागणिक मोबदलाच मिळत राहिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या उपदानाचा, हक्क मान्य केला. हा निकाल कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा मोलाचा आहे, कारण पुरस्कार वाटला की संपतो, हक्क मात्र मागता येतो. असे हक्क दिल्यास तिजोरीवर भार पडेल हा आक्षेप खोटा नाही, पण निरक्षर गर्भवतीला पटवून रुग्णालयात नेणाऱ्या सेविकेचे काम ऐच्छिक ठरवून वाचवलेला पैसा ही काटकसर म्हणता येणार नाही.

सरकारी नोकराच्या सेवापुस्तिकेत नेमणूक, बदली, रजा, वेतनवाढ आणि शिक्षा यांची बारकाईने नोंद होते. हिश्शांचा गुंता सोडवण्याचे कसब मात्र त्या कर्मचाऱ्याच्या बदलीबरोबर गावातून निघून जाते. पुण्याच्या ‘यशदा’ या शासकीय प्रशिक्षण संस्थेने पुढील अभ्यासक्रम आखताना अशा अनुभवी तलाठ्यांना आणि आशांना प्रशिक्षक म्हणून मानधनासह बोलवावे, आणि शासनाने त्या अध्यापनाची नोंद सेवापुस्तिकेत घेऊन, आशांच्या बाबतीत तशी पुस्तिका आधी सुरू करून, ती नोंद पदोन्नतीच्या व मोबदल्याच्या निर्णयात धरावी.