एलाजाराचे काम
(शास्त्रपाठ : गणना १६ : ३६-४०)



नाताळापूर्वी घर झाडून काढण्याची आपल्या मंडळ्यांत जुनी चाल आहे. यंदा आम्हीही पुण्यातील आमच्या बिऱ्हाडाचा माळा उतरविला, आणि खाली जे आले त्याने अर्धी खोली भरली. किल्ल्या हरवलेली तीन कुलपे, गंजलेल्या बिजागऱ्या व कोयंडे, तळ गेलेली बादली, रॉकेलच्या स्टोव्हची पितळी टाकी, कल्हई उडालेले एक पातेले, आणि कोणत्या दाराच्या होत्या हे घरात कोणासही सांगता येईना अशा कड्या. आम्ही एक पोते घेतले, तळाशी फुटक्या बरणीचे तुकडे व दाढीची जुनी पाती टाकली, त्यांवर हे सारे लोखंड भरले आणि पोते दाराशी नेऊन ठेवले. एक काम हातावेगळे झाले, असे आम्हांस वाटले.

दुसऱ्या दिवशी भंगार गोळा करणारी बाई आली. पितळ किती व लोखंड किती हे पाहण्यासाठी तिने पोत्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. तळहातावर चांगलाच काप गेला होता. तिने तो पदराने आवळून धरला. आमच्या घरातून हळद येईपर्यंत ती पायरीवर बसून होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "काच येगळी बांधत जा, दादा."

त्या रविवारी आम्हांस मंडळीत उपदेश करावयाचा होता. विषय निराळा ठरला होता. पण तो काही आमच्याने बोलवेना.

कोरह व त्याच्या सोबत्यांची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध उठलेले अडीचशे पुरुष आपापली पितळी धुपाटणी घेऊन परमेश्वरापुढे उभे राहिले आणि अग्नीने भस्म झाले. गोष्ट येथे संपली असे समजून आपण बहुधा पान उलटतो. परंतु ती धुपाटणी तेथेच पडून होती. माणसे पापी ठरली, पण देवाने ते पितळ टाकाऊ ठरविले नाही. ते आपल्यापुढे आणिलेले म्हणून पवित्र झाले आहे, ते उचलावे, ठोकून त्याचे पत्रे करावे व वेदी मढवावी, अशी त्याची आज्ञा झाली.

ठोकून पत्रे करणे म्हणजे काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने कसबा पेठेतील तांबट आळीत जावे. तेथील मठारकाम प्रसिद्ध आहे. तांबे ठोकता ठोकता कठीण होते, आणि तसेच ठोकीत राहिले तर तडकते; म्हणून कारागीर ते पुन्हा विस्तवात घालून मऊ करतो व पुन्हा हातोडी उचलतो. जुने भांडे मोडीत घालून नवे घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे सांगावयास नको. तूट किती धरली यावर दुकानदाराशी त्यांचा होणारा वाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो.

परंतु या वेळी आमचे लक्ष पितळाकडे नव्हते. ते उचलण्याचे काम कोणास सांगितले गेले? जळालेल्या प्रेतांमधून, धगधगत्या निखाऱ्यांतून ती धुपाटणी एकेक करून कोणी गोळा केली? छावणीच्या कडेला राहणाऱ्या एखाद्या गरिबाने नव्हे. अहरोनाचा पुत्र एलाजार, जो स्वतः याजक होता, त्यास हे काम नेमून दिले. इस्राएलात भंगार वेचणाराचे नाव शास्त्रात लिहून ठेविलेले आहे, आणि तो याजक आहे.

आपल्या गावांत असे नव्हते. गावाने टाकलेले कोणी उचलावे, हे जन्मानेच ठरलेले असे, आणि आज या पत्राचे वाचक असलेल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे त्याच घरांतले होत. हे आपण विसरू लागलो आहो. शाळा झाल्या, नोकऱ्या लागल्या, आणि आता आपल्या दाराशी येणाऱ्या बाईस आपण "ए बाई" म्हणून हाक मारतो. आम्हीही तशीच मारीत होतो.

पुण्यात टाकलेली धातू फार काळ टाकलेली राहत नाही. बुधवारी व रविवारी भरत आलेल्या जुन्या बाजारात गंजलेल्या पान्यालाही गिऱ्हाईक मिळते. लोखंड जालन्याकडच्या भट्ट्यांत गेले तर त्याच्या सळया होऊन ते कोणाच्या तरी घराच्या भिंतीत शिरते. कै. दिनकर केळकर यांनी तर लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, कुलपे, अडकित्ते उभ्या जन्मभर जमविले. आपल्या लहानपणीच वारलेल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि तो सरकारास अर्पण केला. परंतु माळ्यापासून भट्टीपर्यंतच्या या वाटेवर पहिला हात लागतो तो वेचणाऱ्या बाईचा. इ. स. १९९३ साली पुण्यातील अशा कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि इ. स. २००८ साली तिने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. आपण घोड्यावर बसून दया करावी असे हे लोक नव्हेत.

टाकणे म्हणजे कोणाच्या तरी हाती देणे होय. हे न समजल्याने केवढा अनर्थ होतो याचे उदाहरण दिल्लीत घडले. तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापराविना पडलेले एक यंत्र इ. स. २०१० साली लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. आत कोबाल्ट-६० होते. ज्यांनी ते फोडले त्यांस आपण कशाला हात लावीत आहो याची कल्पनाही नव्हती. कित्येक जण किरणांनी भाजले, एक मनुष्य मरण पावला. लिलाव करणारे अडाणी नव्हते. खोली रिकामी करावी एवढाच त्यांचा हेतू होता. आमचाही तेवढाच होता.

म्हणून खेड्यांतील बंधूंस दोन शब्द. मोटारीची जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यात शिसे व तेजाब असते. तांब्याच्या लोभाने तारा जाळू नयेत. तो धूर विषारी असतो, आणि प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत शिरतो. वजन काट्यावर नीट पाहावे, परंतु चार रुपयांसाठी त्या बाईशी हुज्जत घालू नये. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा जो निषेध आहे तो घेणाराइतकाच देणारासही लागू आहे.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. हातावरची चिंधी सुटली होती, व्रण दिसत होता. या खेपेस आम्ही काच वर्तमानपत्रात गुंडाळून निराळी बांधली होती आणि पुडक्यावर ठळक अक्षरांत 'काच' असे लिहिलेही होते. तिने पुडके हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "यात काय हाय, दादा?" तिला वाचता येत नव्हते. आम्ही तोंडाने सांगितले. मग घरातून एक लाल चिंधी आणून पुडक्यास बांधली. तिने मान हलविली. ती चिंधी कशाची खूण आहे, हे आम्ही शेजारच्या चार घरांसही सांगून आलो.