हानीस लाभ म्हणावे काय?

कोणावर संकट कोसळले म्हणजे त्याचे समाधान करावयास जाणारा पुष्कळदा म्हणतो, "जे झाले ते बऱ्याकरिताच झाले." हे बोलणे खरे आहे काय, ह्याचा आज आम्ही विचार करू.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी १९४८ साली टोनी आयोमी ह्याचा जन्म झाला. तो गिटार डाव्या हाताने छेडी व उजव्या हाताची बोटे तारांवर दाबी. सतरा वर्षांचा असता पत्र्याच्या कारखान्यातील नोकरी सोडून वादक म्हणून परदेशी जाण्याचे त्याने ठरविले. शेवटच्या दिवशी दुपारी तो घरी जेवावयास आला, तेव्हा पुन्हा कामावर जाऊ नये असे त्याच्या मनात आले. परंतु हाती घेतलेले काम पुरे करावे, असे आईने सांगितले. तो गेला, आणि यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. आईचे सांगणे योग्य होते, मुलाने ऐकले हेही योग्य होते. तरी हानी झालीच.

वादन सोडावे, असे वैद्य म्हणाले. तेव्हा कारखान्यातील त्याचा वरिष्ठ एक तबकडी घेऊन घरी आला. ती ऐकविल्यावर त्याने सांगितले की, हा वादक जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. आयोमीस धीर आला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले व गिटारीस बारीक तारा लावल्या. पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैलही केल्या. १९६८ साली मित्रांसह त्याने ब्लॅक सॅबथ हा वाद्यवृंद स्थापिला. त्याच्या जड, खोल नादापासून 'हेवी मेटल' संगीत वाढले. ५ जुलै २०२५ रोजी, सत्याहत्तराव्या वर्षी, तो त्याच शहरी ह्या वृंदाच्या अखेरच्या जलशात वाजवीत होता.

लोक म्हणतात, बोटे तुटली म्हणूनच हा नाद जन्मला. मग तुटणे चांगले होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. यंत्राने केवळ घेतले. दिले काहीच नाही. अशा यंत्रांनी कित्येकांची बोटे घेतली, आणि त्यांच्या दारी कोणी तबकडी घेऊन गेला नाही. जे चांगले झाले ते एकाच्या भेटीने व दुसऱ्याच्या श्रमाने झाले. त्याचे श्रेय हानीस देणे म्हणजे त्या दोघांपासून ते हिरावून घेणे होय.

म्हणून, वाचकहो, गुऱ्हाळाच्या चरकात ज्याचा हात सापडला, त्याच्या घरी जाल तेव्हा "बरेच झाले" असे म्हणू नका. दुःखास दुःखच म्हणा. मग त्याच्याजवळ बसून, उरलेल्या बोटांनी काय साधेल ते त्याच्यासह शोधा.