सण नसताना पुरणपोळी

होळीला अजून पाच महिने होते. शिरोली एमआयडीसीत रात्री काम संपलं, मोबाईलवरून चार पुरणपोळ्या मागवल्या आणि गाडीतच बसून एकट्याने संपवल्या. घरी सांगितलं तर आई एवढंच म्हणाली, "नैवेद्य दाखवलास का रे?"

आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, तेरावा. भगवंत सांगतात, यज्ञ करून उरलेलं खाणारे पापांतून सुटतात. फक्त स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात. यात तिथी-वार कुठेच नाही! म्हणजे सण नसताना खाल्लं हे चुकलं नव्हतं. होळीला पहिली पोळी अग्नीला, मग शेजारीपाजारी, मग आपण. मी तो क्रमच गाळला होता.

आईचे गुडघे आता ओट्यापाशी फार वेळ टिकत नाहीत. म्हणून गेल्या रविवारी हरभऱ्याची डाळ मी शिजवली, गूळ घालून पुरण मीच वाटलं. निम्म्या पोळ्या फाटल्या. तशाच देवापुढे ठेवल्या, वॉचमनकाकांना दिल्या, मग आम्ही दोघं जेवलो. कटाची आमटी मात्र आईनेच केली.

होळी वर्षातून एकदाच येते. वाटून खायला कोणता मुहूर्त लागतो?

राम कृष्ण हरी 🙏