एका मुलाच्या अनेक नोंदी

शिक्षणक्षेत्रातील एका यंत्रणेने पाठवलेली माहिती दुसऱ्या यंत्रणेच्या पडद्यावर उघडली, एवढ्याने देवाणघेवाण पूर्ण होत नाही. पाठवणाऱ्याने ‘पट’, ‘गळती’, ‘स्थलांतरित’ हे शब्द ज्या अर्थाने लिहिले, त्याच अर्थाने ते घेणाऱ्याने वाचायला हवेत. त्यासाठी नोंद कशाची करायची, तिचा नेमका अर्थ काय आणि ती दुसऱ्या कोणत्या नोंदीला जोडायची, हे सर्वांनी आधी मिळून ठरवावे लागते. असे ठरवून घेतलेल्या मांडणीला माहितीचा सामाईक आराखडा म्हणता येईल. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्याची गरज विशेष जाणवते. इथले एखादे मूल महिला व बालविकास विभागाच्या अंगणवाडीतून जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, तिथून आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत आणि पुढे एखाद्या संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात. मूल तेच असते, पण विभाग बदलला की त्याची नोंद नव्याने सुरू होते.

या नोंदींचा पाया म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. नाव, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, यापूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा, असे त्याचे रकाने असतात. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून लिहिला जातो. रकाने सगळीकडे जवळपास सारखेच असले तरी त्यांत लिहिलेल्याचा अर्थ सारखा असतोच असे नाही. महाराष्ट्रातील जुन्या रजिस्टरांत 1 जून ही जन्मतारीख पानोपानी भेटते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला गुरुजी अंदाजाने वय धरून शाळेत घेत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहीत. संगणकाच्या दृष्टीने ती बिनचूक तारीख असते. प्रत्यक्षात मात्र ‘हे मूल पहिलीत बसण्याजोगे दिसले’ एवढेच ती सांगते.

जातीच्या रकान्यातील प्रश्न याहून गंभीर आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोळी महादेव’ अशी नोंद आहे. नुसते ‘कोळी’ लिहिल्याने जमात सिद्ध होत नाही, कारण त्या नावाचे इतर समाज वेगळ्या प्रवर्गांत मोडतात. दोन पिढ्यांपूर्वी एखाद्या शिक्षकाने ‘हिंदू कोळी’ असे लिहून ठेवले, तेव्हा ती पटावरची ओळख होती. त्या दोन शब्दांवर पुढे कोणाच्या नातवंडाचा प्रवेश अडेल, याची कल्पनाही त्याला नव्हती. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली जातपडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. 2000 साली घटनापीठाने, यादी जशी आहे तशीच वाचावी, तिच्यात समानार्थी नावे जोडू नयेत, असे स्पष्ट केले. एका काळी ओळखीपुरती केलेली नोंद दुसऱ्या काळी हक्काचा पुरावा म्हणून वाचली जाते, आणि हे अंतर भरून काढण्याचा भार त्या कुटुंबावर पडतो. सामाईक आराखडा हा निव्वळ संगणकतज्ज्ञांचा विषय नाही, हे यावरून दिसते.

स्वतंत्र भारतात आधी एकसारख्या नमुन्याचा विचार पुढे आला. 1994 साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर शाळांची माहिती गोळा करणारी ‘डायस’ ही पद्धत आली. महाराष्ट्रात तो कार्यक्रम आधी मराठवाड्यातील जिल्ह्यांत राबवला गेला. सर्व शिक्षा अभियानाबरोबर ही पद्धत सर्वत्र पोहोचली. 30 सप्टेंबरचा पट धरून शाळा नमुना भरत. माध्यमिक शाळांसाठी पुढे ‘सेमिस’ हा निराळा नमुना आला. महाराष्ट्रात पाचवी ते दहावीची हायस्कुले पुष्कळ आहेत. त्यामुळे एकाच इमारतीतील मुले दोन नमुन्यांत विभागली गेली. त्यातच राज्याच्या जुन्या रचनेत पहिली ते चौथी म्हणजे प्राथमिक, तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला प्राथमिक आणि सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक धरले. पाचवीतले मूल कोणत्या टप्प्यात मोजायचे, हे मोजणारा कोणती व्याख्या हाती घेतो यावर अवलंबून राहिले. 2012-13 मध्ये दोन्ही नमुने एकत्र करून ‘यूडायस’ आले.

यूडायसने प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक दिला. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दोन जिल्ह्याचे (पुण्याचे 25), मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. क्रमांक वाचताच शाळा कुठली ते कळते, ही त्याची सोय आणि त्याची मर्यादाही. भूगोल स्थिर राहत नाही. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव हलते, जिल्हे विभागले जातात, शाळा एकमेकींत विलीन होतात. म्हणून ओळख पटवणारा क्रमांक कायम ठेवावा आणि पत्ता बदलता येईल असा वेगळ्या रकान्यात असावा, हे मत माहितीशास्त्रात हळूहळू रुजले.

पुढची मोठी कलाटणी अविश्वासातून आली. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरच्या कितीतरी मुलांचा प्रत्यक्षात पत्ता नसल्याचे उघड झाले. शाळेने कळवलेली बेरीज पुरेशी नाही, प्रत्येक मूल स्वतंत्रपणे नोंदले पाहिजे, हा विचार त्यानंतर बळावला. 2015 साली महाराष्ट्राने ‘सरल’ प्रणाली आणली. केंद्रानेही 2022-23 पासून ‘यूडायस प्लस’मध्ये विद्यार्थीनिहाय माहिती घ्यायला सुरुवात केली. देशातील शालेय पट 2021-22 मध्ये सुमारे 26.5 कोटी होता, तो 2023-24 मध्ये 24.8 कोटी दिसला. मोजण्याची रीतच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, असे शिक्षण मंत्रालयानेही नमूद केले. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरत नाही. आकड्याबरोबर त्याची व्याख्या प्रवास करत नसेल तर हेच होणार.

हंगामी स्थलांतरात हा दोष सर्वांत जास्त बोचतो. भीमाशंकर आणि विघ्नहर या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे इथे येतात. त्याच वेळी पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांतली माणसे नारायणगावच्या परिसरात शेतमजुरीला उतरतात. मूळ गावी मुलाचे नाव पटावर असते, पण हजेरी नसते. कामाच्या ठिकाणी मूल असते, पण पटावर नाव नसते. एक यंत्रणा त्याला दीर्घकाळ गैरहजर म्हणेल, दुसरी शाळाबाह्य म्हणेल, तिसरी गळतीत धरेल. शिक्षण हमी पत्रक हा यावर शोधलेला साधा उपाय. मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे सांगणारा तो कागद पालकाबरोबर जातो आणि नव्या ठिकाणच्या शाळेला ते मूल वर्गात घेता येते. सामाईक आराखड्याचे सगळे तत्त्व त्यात आहे: कमीत कमी माहिती, पण दोन्हीकडे एकाच अर्थाने वाचली जाणारी. मात्र त्यासाठी ‘तात्पुरता दाखल’ ही अवस्था दोन्ही शाळांच्या प्रणालीत असावी लागते. मूल एका वेळी एकाच पटावर असते, असे गृहीत धरणाऱ्या रचनेत या मुलांना जागाच नसते.

जगभरही सामाईक आराखड्याकडे असाच टप्प्याटप्प्याने प्रवास झाला. युनेस्कोने 1970 च्या दशकात शिक्षणाच्या टप्प्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण केले, ते देशांना आपापली रचना न बदलता तुलना करता यावी म्हणून. अमेरिकेत 1990 च्या दशकाअखेरीस शाळांतील वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडण्याचे मानक तयार होऊ लागले. नंतर शैक्षणिक संज्ञांचा सामाईक कोशही आला. भारतात 2021 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डिजिटल शिक्षण आराखड्याने सर्व माहिती एका जागी कोंबण्याऐवजी, स्वतंत्र यंत्रणांनी समान मानके पाळावीत अशी भूमिका घेतली. ती योग्य आहे. आदिवासी विकास विभागाला वसतिगृहाची माहिती लागते, अंगणवाडीला वजन-उंची लागते. सर्वांना एकच तक्ता लादल्यास कोणाचेच काम नीट होत नाही.

विद्यार्थ्यांचे ‘अपार’ ओळखक्रमांक काढताना आधारवरील आणि शाळेतील नाव, जन्मतारीख जुळत नसल्याने जी अडचण आली, तिचे मूळ नोंदीची रीत आधी मिळून न ठरवण्यातच आहे. रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर स्वतःचे नाव आधी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. अशा वेळी जुनी नोंद खोडून नवी चढवणे सोपे वाटते, पण ते धोक्याचे आहे, कारण उद्या जातपडताळणी समिती जुनीच नोंद मागेल. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी, तिच्याशेजारी आजच्या यादीतील संबंधित नोंद द्यावी आणि हा संबंध कोणी, कोणत्या पुराव्यावर, कोणत्या तारखेला जोडला तेही लिहावे. आराखडा ठरवणाऱ्यांच्या बैठकीत केंद्रप्रमुख आणि आश्रमशाळेचा मुख्याध्यापक बसलेले असावेत, कारण रकान्यात न मावणारी मुले त्यांनाच रोज भेटतात.